चार सेकंदांची शर्यत, आठ तासांची सहल

‘ड्रॅग रेसिंग बघायला जाऊ या,’ असं घोळक्यात कोणी सुचवलं, की एक तरी शहाणा लगेच हिशेब मांडतो. जायला दोन तास, यायला दोन तास, आणि शर्यत किती वेळाची? चार सेकंदांची! हिशेब चुकीचा नाही. दोन गाड्या, एक सरळ रस्ता, वळण एकही नाही आणि पाव मैलावर, म्हणजे ४०२ मीटरवर शेवटची रेषा. सर्वांत वेगवान वर्गातल्या गाड्या तर १,००० फुटांतच, म्हणजे जेमतेम ३०५ मीटरमध्ये, निकाल लावून मोकळ्या होतात. खिशातून मोबाइल काढेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

तरीही इंग्लंडमधल्या सांता पॉड रेसवेवर माणसं बायकापोरांसह येतात, तंबू ठोकतात आणि तीन-तीन दिवस मुक्काम करतात. कारण तिथे बघण्यासारखं जे असतं, त्यातलं बरंचसं दोन शर्यतींच्या मधल्या वेळात घडतं. ही एक गोष्ट धरून आखणी केली, तर दहा-बारा जणांची सहल मस्त जमते. नुसत्या शर्यतीसाठी गेलेला गट मात्र दुपारी दोनलाच घड्याळाकडे बघायला लागतो.

सांता पॉड हे बेडफर्डशायर परगण्यात, पॉडिंग्टन नावाच्या छोट्या गावाजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी विमानतळ होता. अमेरिकी हवाई दलाच्या ९२ व्या बाँबर्डमेंट ग्रुपची बी-१७ ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ विमानं इथून उडत. युद्ध संपलं, विमानं गेली आणि लांबलचक धावपट्टी तशीच पडून राहिली. १९६६ च्या ईस्टरला त्याच धावपट्टीवर युरोपातला पहिला कायमस्वरूपी ड्रॅग ट्रॅक सुरू झाला.

विमानतळ आणि ड्रॅग रेसिंग यांचं हे नातं त्याहून जुनं आहे. खेळ जन्मला कॅलिफोर्नियात. तिथली तरुण मुलं जुन्या फोर्ड गाड्या उघडून, त्यांचं वजन उतरवून, इंजिनांशी खटपटी करून म्युरॉक, एल मिराज अशा सुकलेल्या तलावांच्या सपाट तळांवर पळवत. गावातल्या रस्त्यांवरही पळवत आणि पोलिसांची बोलणी खात. १९५० मध्ये सांता आनाच्या विमानतळावर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. रस्त्यावरची मस्ती कुंपणाच्या आत आणायची आणि तिला नियम लावायचे, हा उघड हेतू होता. १९६४ मध्ये डॉन गार्लिट्स यांच्यासारखे अमेरिकी ड्रायव्हर आपल्या गाड्या घेऊन ब्रिटनमध्ये आले आणि तिथल्या जुन्या विमानतळांवर त्यांनी त्या पळवून दाखवल्या. या दौऱ्यामागे सिडनी ॲलर्ड होते. ब्रिटनमधला पहिला ड्रॅगस्टर, म्हणजे खास ड्रॅग शर्यतीसाठीची लांब गाडी, बांधणारे तेच. लोकांनी त्या गाड्यांचा आवाज एकदा ऐकल्यावर कायमचा ट्रॅक हवा ही मागणी थांबण्यासारखी नव्हती.

ब्रिटनमध्ये आणखीही काही ट्रॅक होते आणि आहेत. स्ट्रॅटफर्डजवळचा शेक्सपिअर काउंटी रेसवे हा त्यांतला मोठा, तो २०१८ मध्ये बंद झाला. मोठी स्पर्धा पाहायची तर आता बहुतेकांची पावलं सांता पॉडकडेच वळतात. मिल्टन कीन्स, लेस्टर किंवा लंडनमधल्या मराठी कुटुंबांना तर तो एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहे. उन्हाळ्यात मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांना चौथा राजवाडा दाखवण्यापेक्षा हा पर्याय वाईट नाही, मात्र त्यांच्या कानांची सोय आधी करावी. त्याबद्दल पुढे.

आखणीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एकच: कोणत्या दिवशी जायचं? सांता पॉडच्या वर्षात दोन मोठे मुक्काम येतात. मेअखेरच्या सुट्टीला ‘मेन इव्हेंट’ आणि सप्टेंबरात ‘युरोपियन फायनल्स’. दोन्ही एफआयए या जागतिक मोटारक्रीडा संस्थेच्या युरोपीय ड्रॅग रेसिंग स्पर्धेच्या फेऱ्या; त्याच मालिकेच्या इतर फेऱ्या स्वीडनमधल्या टिअर्प आणि जर्मनीतल्या हॉकेनहाइमसारख्या ठिकाणी होतात. जुलैत ‘ड्रॅगस्टाल्जिया’ असतं, जुन्या गाड्यांचं संमेलनच म्हणा. ‘बग जॅम’मध्ये फोक्सवॅगनवेड्यांची जत्रा भरते. आणि वर्षभरात अनेकदा ‘रन व्हॉट या ब्रंग’ हे खुले दिवस असतात, ज्यात कोणीही आपली गाडी आणून ट्रॅकवर पळवू शकतो.

पहिल्यांदा जाणारा गट हमखास अंतिम फेरीचा दिवस निवडतो. क्रिकेटची सवय, फायनल सोडायची कशी! पण ड्रॅग रेसिंगमध्ये हे गणित उलटं आहे. बाद फेऱ्यांच्या दिवशी प्रत्येक फेरीत निम्म्या गाड्या घरी जातात. सोळा असल्या तर आठ, मग चार, मग दोन. दिवस जसा चढतो तशा गाड्या कमी होतात आणि मधली वाट बघणी वाढते. त्याच्या आदल्या दिवशी पात्रता फेऱ्या असतात. त्यात सगळ्या गाड्या पळतात, एकेक गाडी एकाहून अधिक वेळा पळते, आणि हरण्याची भीती नसल्याने संघांतली माणसंही बोलायला मोकळी असतात. नवख्या गटाने सरळ पात्रता फेऱ्यांचा दिवस धरावा. कोण जिंकलं हे संध्याकाळी मोबाइलवर कळतंच.

जायची सोय फार अवघड नाही. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून वेलिंगबरोला थेट गाड्या आहेत, पुढे टॅक्सी. पण माणसं दहाच्या वर असतील आणि त्यात मुलं, आजी-आजोबा, घडीच्या खुर्च्या, डबे असतील, तर मिनीबस भाड्याने घेणं बरं. अशा दिवशी परतीची टॅक्सी मिळवणं हीच एक वेगळी शर्यत होऊन बसते. सकाळी दरवाजे उघडतात तेव्हाच पोहोचावं. दहानंतर निघालेला गट पॉडिंग्टनच्या अरुंद गावरस्त्यांवर रांगेत उभा राहून पहिल्या फेऱ्यांचा नुसता आवाज ऐकतो. तिकिटं आधी काढलेली स्वस्त पडतात. मुलांना कोणत्या वयापर्यंत मोफत आणि मोठ्या गटाला सवलत किती, हे स्पर्धेगणिक बदलतं, म्हणून पैसे गोळा करणाऱ्याने ते आधी तपासून मगच माणशी वर्गणी सांगावी.

गट एकत्र ठेवायचा प्रयत्न करू नये. अशा सहलीत अर्ध्या तासात तीन टोळ्या आपोआप पडतात: इंजिनात डोकं घालणारे, फोटो काढणारे आणि ‘खायला काय आहे’ विचारणारे. त्यांना फिरू द्यावं. फक्त भेटायची जागा आणि वेळ सकाळीच घड्याळाच्या काट्यावर ठरवावी. ‘फोन करू’ या भरवशावर इथे राहता येत नाही. कानांत बोळे, वरून इअरमफ आणि शेजारी ११,००० अश्वशक्तीचं इंजिन चालू असताना फोन वाजला काय आणि न वाजला काय.

कानांचा विषय गमतीवारी नेण्यासारखा नाही. टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान वर्गातली गाडी सुटते तेव्हा जवळचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, आणि या पातळीचा आवाज क्षणभर ऐकला तरी कानाला कायमची इजा होण्याचा धोका असतो. फोमचे बोळे चिमटीत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला बोळा काही कामाचा नाही. मुलांना बोळ्यांवरून इअरमफही हवेत, आणि ते घरून घेऊनच जावेत. तान्ह्या बाळाला नेऊच नये. त्या वयाच्या कानांवर नीट बसेल असं साधन सहज मिळत नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी पिट्समध्ये, म्हणजे गाड्यांची दुरुस्ती होते त्या आवारात, इंजिन चालू होत असताना लांब राहावं. आवाज मोबाइलवर टिपायचा मोह सगळ्यांना होतो, पण फोनचा बिचारा मायक्रोफोन एवढं सोसत नाही. घरी येऊन लावावं तर नुसती खरखर.

आणि हा आवाज कानांनी ऐकायचा नसतोच मुळी. तो छातीत, पायाखालच्या पायरीत, बाटलीतल्या पाण्यात कळतो.

एवढी ताकद येते कुठून, हे समजून घ्यायचं तर गाड्यांच्या मागे जायला हवं. इथेच या खेळाचा मोठेपणा आहे. फॉर्म्युला वनमध्ये संघाच्या गॅरेजपर्यंत पोहोचायला साध्या प्रेक्षकाला नशीब लागतं. ड्रॅग रेसिंगमध्ये मात्र प्रेक्षकाला पिट्समध्ये फिरू देण्याची परंपरा आहे. अमेरिकेत तर प्रत्येक तिकीट हाच पिट्सचा पास, अशी या खेळाची जाहिरातच असते. दोरीच्या अलीकडे उभं राहून पलीकडे हातभर अंतरावर इंजिन उघडलेलं दिसतं.

टॉप फ्युएल गाडीचं इंजिन ५०० घनइंचांचं, म्हणजे सव्वाआठ लिटरच्या आसपासचं, आठ सिलिंडरांचं असतं. त्याच्या डोक्यावर हवा कोंबणारा सुपरचार्जर. इंधन पेट्रोल नव्हे, तर नव्वद टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन आणि बाकी मिथेनॉल. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जाळायला बाहेरची हवा फार कमी लागते. एक किलो पेट्रोल जाळायला पंधरा किलोच्या आसपास हवा लागते, नायट्रोमिथेनला दोन किलोही लागत नाही. मग तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन ओतता येतं. आणि ते खरोखर ओतलंच जातं, पूर्ण जोरात सेकंदाला साधारण पाच लिटर. इंजिन तापवणं, टायर जाळणं, मागे येणं आणि शर्यत, एवढ्यात पन्नासेक लिटर सहज संपतं. काही पेटलेलं इंधन एक्झॉस्टच्या नळ्यांतून ज्वाळा होऊन बाहेर पडतं, संध्याकाळच्या फेऱ्यांत त्या पिवळ्या-पांढऱ्या ज्वाळा छान दिसतात. दोन फेऱ्यांपैकी एकीलाच थांबता येत असेल, तर संध्याकाळच्या फेरीला थांबावं, ते याचसाठी.

दिवा हिरवा झाल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत हे इंजिन पाचेकशे फेरे घेतं. बस्स. मग गाडी ओढून आणतात, आणि माणसं तिच्यावर तुटून पडतात. सिलिंडर हेड उतरवलं जातं, पिस्टन काढून तपासले जातात, क्लचच्या तबकड्या बदलतात, जळून गेलेले स्पार्क प्लग काढून टाकतात. तासाभरात सगळं परत बसवून इंजिन तिथेच चालू करून बघायचं. पहिल्यांदा जाणाऱ्याने हे एकदा तरी पुरतं पाहावं. कोणी ओरडत नाही, कोणी कोणाला हत्यार मागत नाही. ज्याचं काम तो करतो, आणि तेलाने माखलेल्या त्या बारा-चौदा हातांना एकमेकांची अडचण होत नाही. इंजिन चालू होताना मात्र डोळ्यांत पाणी येतं. भावनेने नव्हे, नायट्रोच्या धुराने. मुरलेले प्रेक्षक तरीही पुढेच सरकतात.

आता प्रत्यक्ष शर्यत. ती कळायला दहा मिनिटं लागतात, पण ती दहा मिनिटं कोणीतरी सकाळीच सगळ्यांसाठी दिली तर उरलेला दिवस वेगळा जातो. गाड्या आधी ओल्या जागेवरून जाऊन चाकं जागच्या जागी गरागरा फिरवतात. धुराचे लोट उठतात, टाळ्या पडतात. पण हा नुसता तमाशा नाही. टायर तापले की रबर मऊ होतं आणि ट्रॅकला चिकटतं. ट्रॅकवरही चिकट द्रव फवारलेला असतो. मग गाड्या इंचाइंचाने पुढे येतात, चाक प्रकाशझोताच्या आड येतं आणि मधल्या खांबावरचे छोटे दिवे लागतात. हा खांब म्हणजे ‘ख्रिसमस ट्री’. अमेरिकेत १९६३ मध्ये तो आला, त्याआधी झेंडा हलवणारा माणूस असे. मोठ्या वर्गांत तीन पिवळे दिवे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. त्याआधी गाडी हलली तर लाल दिवा, खेळ खलास.

फलकावर तीन आकडे येतात: ड्रायव्हरने दिव्यानंतर गाडी सोडायला लावलेला वेळ, गाडीने अंतर कापायला घेतलेला वेळ आणि शेवटचा वेग. यातला पहिला आकडा दुसऱ्यात धरलेला नसतो, आणि गंमत तिथेच आहे. समजा, एका गाडीने अंतर ३.८० सेकंदांत कापलं, पण ड्रायव्हरला निघायला ०.१० सेकंद लागला. दुसरीने ३.८५ घेतले, पण ड्रायव्हर ०.०४ मध्येच निघाला. पहिलीची बेरीज ३.९०, दुसरीची ३.८९. हळू गाडी जिंकली! गटातल्या प्रत्येकाने एकेक गाडी वाटून घेऊन असे आकडे लिहायला लागलं, की तासभर कसा जातो कळत नाही.

वेग कुठवर जाऊ शकतो, हे ऐकायचं तर अमेरिकेच्या ब्रिटनी फोर्स यांनी २०२२ मध्ये पोमोना इथे ताशी ३३८.९४ मैल वेग गाठला, म्हणजे ताशी ५४५ किलोमीटर, तोही एक हजार फुटांत. सांता पॉडच्या खात्यावर याहून अचाट एक नोंद आहे. १९८४ मध्ये सॅमी मिलर यांनी रॉकेट बसवलेली गाडी इथे पाव मैल ३.५८ सेकंदांत नेली. रॉकेटगाड्या नंतर मागे पडल्या, ते बरंच झालं.

सर्वांत वेगवान वर्ग सर्वांत रंगतदार असतोच असं नाही. ब्रॅकेट प्रकारातल्या शर्यतींकडे पाहुणे पाठ फिरवतात आणि बर्गर आणायला जातात, इथे ते चुकतात. या प्रकारात प्रत्येक ड्रायव्हर आपली गाडी किती सेकंदांत पोहोचेल हे आधीच जाहीर करतो. एका साध्या गाडीने १६.५० म्हटलं आणि दुसऱ्या तयार गाडीने ११.२०, तर पहिलीला ५.३० सेकंद आधी सोडतात. मागची गाडी सुसाट येते, पुढची जीव घेऊन पळते, आणि दोघी शेवटच्या रेषेवर हातभर अंतराने पोहोचतात. आपण सांगितल्यापेक्षा लवकर पोहोचलं तर मात्र बाद. म्हणजे इथे खोटं बोलता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या बैलगाडा घाटावर ज्याने दिवस काढला आहे त्याला हे नवं वाटणार नाही. तिथेही सरळ घाट, घड्याळावरचे सेकंद, त्यावरून पहिली फळी, दुसरी फळी, आणि एका बारीपासून दुसऱ्या बारीपर्यंत मांडवात चालणाऱ्या गप्पा.

मुलांना दाखवायला ज्युनिअर ड्रॅगस्टर असतात. ब्रिटनमध्ये आठ वर्षांपासूनची मुलंमुली त्या छोट्या, लांबुळक्या गाड्या पाव मैलाच्या निम्म्या अंतरावर पळवतात. या खेळात बायकांचा वेगळा वर्ग नाही, आणि हे काल-परवाचं नाही. अमेरिकेच्या शर्ली मल्डाउनी यांनी १९७७, १९८० आणि १९८२ असं तीनदा टॉप फ्युएलचं विजेतेपद मिळवलं. युरोपात फिनलंडच्या अनिता मॅकेला अनेकदा विजेत्या ठरल्या, आणि २०२३ ची युरोपीय विजेती स्वीडनची इडा झेटरस्ट्रॉम पुढे अमेरिकेतल्या शर्यतींत उतरली. गटातल्या मुलींना हे शर्यतीच्या आधी सांगावं, मग त्यांची गाडी आपोआप ठरते.

इंग्लंडातली सहल म्हटल्यावर पाऊस आलाच. इतर अनेक मोटारशर्यती पावसाळी टायर लावून चालतात. ड्रॅग रेसिंग चालत नाही. मागची चाकं गुळगुळीत, ट्रॅक ओला, आणि वेग ताशी चारशे-पाचशे किलोमीटर, म्हणजे प्रश्नच मिटला. सर येऊन गेली तरी ट्रॅक पुसून, वाळवून, पुन्हा चिकटपणा आणायला बराच वेळ जातो. त्या वेळात गट चिडचिडा होऊ नये म्हणून पत्त्यांचा कॅट, छत्र्या आणि भरपूर खाणं हवं. ट्रॅकवर बर्गर, बटाट्याच्या चिप्स, कॉफी मिळते, पण शाकाहारी माणसाची दुपार त्यावर निघत नाही. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा मोठा थर्मास नेलेला गट पावसातही हसताना दिसतो. पावसामुळे दिवस रद्द झाला तर पैसे परत मिळतात की दुसऱ्या दिवसाचं तिकीट, हे तिकीट काढतानाच वाचलेलं बरं.

ज्यांना नुसतं बघण्यात रस नाही त्यांच्यासाठी ‘रन व्हॉट या ब्रंग’चा दिवस. गटातल्या दोघांत वर्षानुवर्षं वाद असतो, ‘माझी ऑडी’ आणि ‘तुझी स्कोडा’. तो इथे बारा-पंधरा सेकंदांत मिटतो. चालू वाहनचालक परवाना, हातपाय झाकणारे कपडे आणि हेल्मेट एवढी तयारी लागते. गाडीची तपासणी होते, काचेवर क्रमांक लिहितात आणि रांगेत उभं करतात. डिकी रिकामी करावी, पायाखालची मॅट काढून ठेवावी, म्हणजे ब्रेकच्या पेडलखाली काही सरकणार नाही. एसी बंद ठेवावा, कारण त्याचं पाणी ट्रॅकवर ठिबकतं. साध्या, नक्षीच्या टायरांनी टायर तापवायच्या त्या ओल्या जागेत शिरूच नये, कडेने जावं. नक्षीत अडकलेलं पाणी थेट सुरुवातीच्या रेषेवर येतं आणि चाकं घसरतात. रेषा ओलांडल्यावर करकचून ब्रेक न मारता गाडी हळूहळू थांबवून बाहेरच्या रस्त्याला लागायचं आणि वेळेची चिठ्ठी घ्यायची. साधी घरगुती गाडी सोळा ते अठरा सेकंद घेते, आणि ते बघून मालकाचा चेहरा पडतो. त्याच रांगेत एखादी आवाज न करणारी विजेवरची टेस्ला मॉडेल एस प्लेड असली, तर ती नऊ सेकंदांच्या आसपास पोहोचते.

एक व्यवहाराची गोष्ट. गाडीचा नेहमीचा विमा अशा ट्रॅकवर सहसा लागू होत नाही, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात तर हे बहुधा स्पष्ट मना केलेलं असतं. मिनीबस घेऊन गेलेल्यांनी ती पार्किंगमध्येच ठेवावी.

धोका या खेळात आहेच, आणि त्याचे नियम रक्त सांडून शिकलेले आहेत. १९७० मध्ये शर्यत सुरू होताच गिअरबॉक्स फुटून डॉन गार्लिट्स यांच्या उजव्या पायाचा काही भाग गेला. तोवर ड्रायव्हर इंजिनाच्या मागे बसे. गार्लिट्स यांनी रुग्णालयातून परतल्यावर इंजिन ड्रायव्हरच्या मागे असलेली गाडी बांधली, आणि काही वर्षांत सगळ्यांनीच तो बदल केला. २००८ मध्ये न्यू जर्सीतल्या एंगलिशटाउनला स्कॉट कॅलिटा यांचा मृत्यू झाला, तेव्हा सर्वांत वेगवान वर्गांचं अंतर पाव मैलावरून एक हजार फुटांवर आणलं गेलं. म्हणून स्वयंसेवक ‘मागे व्हा’ म्हणाले की वाद घालायचा नाही. बसायला सुरुवातीच्या रेषेजवळची जागा उत्तम, तिथे धूर, दिवे आणि झेप तिन्ही दिसतात. शेवटच्या रेषेकडे एकदा जाऊन यावं, गाड्यांना थांबवणारी पॅराशूट उघडताना बघायला.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी काय करायचं? आपल्याकडे सांता पॉडसारखा कायमस्वरूपी ड्रॅग ट्रॅक नाही. पण लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरते. त्यात गाड्या आणि मोटारसायकली दोन्ही असतात. पुणे-मुंबईच्या गटाला ती एका दिवसाच्या टप्प्यात आहे. दक्षिणेत चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर मोटारसायकलींची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा होते. बेंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पा यांनी तिथे अनेक विजेतेपदं मिळवली आहेत. तिथे नायट्रोच्या ज्वाळा नाहीत, पण रस्त्यावर दिसणारी मोटारसायकल मुळापासून बदलून काय करू शकते हे जवळून कळतं.

रात्री वांद्रे किंवा पुण्याच्या बाह्यवळण रस्त्यावर होणाऱ्या ‘शर्यती’ मात्र या यादीत येत नाहीत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. गटात एखादा अठरा-वीस वर्षांचा मुलगा असेल आणि त्याच्याकडे नवी मोटारसायकल असेल, तर त्याला आधी ॲम्बी व्हॅलीला न्यावं.

ॲम्बी व्हॅलीच्या सहलीची आखणी थोडी वेगळी करावी लागते. थंडीच्या दिवसांतही मोकळ्या धावपट्टीवर ऊन डोक्यावर येतं, म्हणून टोप्या, पाणी आणि सावलीची सोय आधी बघावी. लोणावळ्याहून पुढचा घाटरस्ता वळणांचा आहे. गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवावं. शनिवार-रविवारी लोणावळ्यात वाहनांची कोंडी ठरलेली, तेव्हा मुंबईहून पहाटे पाचला निघालेलं बरं. प्रेक्षकांना प्रवेश कोणत्या दिवशी, तिकीट कुठे मिळेल आणि आपली गाडी पळवायची असल्यास नावनोंदणी कधीपर्यंत, हे आयोजकांकडून त्या वर्षीच्या तारखांसह पक्कं करून मगच मिनीबसची आगाऊ रक्कम भरावी.